आईच्या पोटरीचा आलेख

४ मार्च

ताईस,

वर "सप्रेम नमस्कार" लिहिलं होतं, ते खोडलं. दोन वर्षांनी एकदम सप्रेम म्हटल्यावर तू म्हणशील, याचं काहीतरी काम अडलंय. अडलंच आहे. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर "तू ऐकत नाहीस, नुसता बोलतोस" म्हणून ठेवून देतेस. म्हणून पत्र.

आई ठीक आहे. ते तुला कळतंच. रोज दुपारी एकला, मी प्रयोगशाळेत असताना, तुमचं बोलणं होतं हे मला माहीत आहे. मी त्यावर कधी चकार शब्द काढलेला नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

काम असं आहे. रविवारी सकाळी तू माझ्या प्रयोगशाळेत त्या उंच खुर्चीत बसायचीस, पाय पाटीला बांधलेला, पोटरीत केसाएवढी बारीक तार, आणि समोरच्या स्पीकरमधून तुझ्या पाठीच्या कण्यातल्या एका पेशीचं टकटक ऐकू यायचं. त्या रेकॉर्डिंगबद्दल विचारायचं आहे. बाकीच्या लोकांची टकटक पाच मिनिटांत अडखळायची. तू जन्मभर पायमशीन चालवलेली शिंपीण. सेकंदाला आठ म्हटलं की आठ, तासभर. माझ्या शोधनिबंधात जो आलेख सगळे दाखवतात तो "व्यक्ती क्रमांक तीन"चा आहे. ती तूच. हे तुला मी सांगितलं होतं की नाही, आठवत नाही. बहुधा नाही.

आता आमच्याकडे एक नवी विद्यार्थिनी आली आहे. तिचं नाव मी मनातल्या मनात शंकासूर ठेवलंय. तिने तुझं जुनं रेकॉर्डिंग परत काढलं आणि म्हणाली, "सर, यात काहीतरी गडबड आहे." माझ्या बारा वर्षांच्या कामात हिला बारा दिवसांत गडबड दिसली.

तर आठवून सांग. त्या दिवशी तू मध्येच पाय सैल सोडला होतास का? कोणाशी बोलत होतीस का? तुझं लक्ष दुकानाकडे असायचं हे मला ठाऊक आहे, तेव्हा लाजू नकोस. तसं काही झालं असेल तर माझी सुटका होईल. लवकर कळव.

तुझा भाऊ


१७ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. "पाय सैल सोडला नव्हता. पाय माझा होता, आलेख तुझा होता, त्यालाच विचार." पोस्टाच्या तिकिटाची तरी किंमत ठेवायची होतीस.

ठीक आहे, आलेखाला विचारलं. म्हणजे शंकासूरने विचारलं, मी बाजूला उभा राहून चडफडत होतो.

तुला मूळ गोष्ट आठवत असेलच, तरी लिहितो, कारण लिहिताना मलाच कळतं मी कुठे घसरलो ते. हातापायाच्या स्नायूंना हुकूम सोडणारी पेशी असते मणक्याच्या आत. जिवंत माणसाच्या मणक्यात सुई खुपसून, बाई गं, तुझ्यावर कोण काय ओततंय, असं तिला विचारता येत नाही. म्हणून आपण बाहेरून अंदाज बांधतो. गुडघ्यामागच्या नसेला विजेचा एक टोला द्यायचा आणि त्यानंतर टकटक कशी बदलते ते पाहायचं. शेकडो टोले द्यायचे, सगळ्यांची बेरीज करायची. टोल्यानंतर लगेच टकटकीचा सुळका आला, तर पेशीला कोणीतरी ढकललं. सुळक्यानंतर खड्डा पडला, तर कोणीतरी ब्रेक लावला. हा ब्रेक मी शोधला. निदान आजवर सगळे तसं म्हणत होते.

शंकासूर म्हणाली, "सर, शाळेची बेल झाली की सगळी पोरं एकदम फाटकातून आत घुसतात. मग पाच मिनिटं फाटकात कोणीच नसतं. म्हणून फाटक कोणी बंद केलं असं होतं का?"

मी म्हटलं, "इथे शाळेचा काय संबंध?"

"टकटकीचे जे ठोके नंतर पडायचे होते ते टोल्यामुळे आधीच पडून गेले. खड्डा म्हणजे ब्रेक नाही. उरलेली मोकळी जागा आहे."

एवढ्यावर ती थांबली असती तर मी तिला ग्रंथालयात पिटाळलं असतं. पण तिने संगणकावर एक खोटी पेशी बनवली होती. तिला फक्त ढकलायचं. ब्रेक नावाची वस्तू तिच्यात ठेवलेलीच नाही. हजार टोले दिले आणि आलेख काढला. ताई, तुझा खड्डा जसाच्या तसा. मापंसुद्धा जुळली.

वर तिने असंही दाखवलं की खड्ड्यात जे थोडे ठोके पडतात, ते आधीच्या ठोक्यापासून किती अंतराने पडले ते बघावं. ब्रेक असता तर अंतर वाढलं असतं. वाढलेलं नाही. मी बारा वर्षं ठोके किती ते मोजत बसलो, किती घाईने पडले ते बघितलंच नाही. तुला तुझ्या भाषेत सांगायचं तर, कापडावरचे टाके मोजले, दोन टाक्यांतलं अंतर बघितलं नाही.

माझं डोकं फिरलंय. विभागप्रमुखांना अजून सांगितलेलं नाही. आईलाही नाही, तिला काय कळणार आहे यातलं.

तुझा भाऊ


२९ मार्च

ताई,

या वेळी चक्क पाच ओळी आल्या, त्यातल्या तीन मला झापायला. "टाक्यांतलं अंतर मशीनच्या वेगावर ठरत नाही, दीडशहाण्या. मशीन हळू चालव नाहीतर पळव, अंतर तेवढंच पडतं. ते टाक्याच्या चकतीवर ठरतं. माहीत नसेल तिथे माझी भाषा वापरू नकोस." बरं. चुकलं. या महिन्यात माझं चुकायचं राहिलंय तरी काय, तेवढं कोणीतरी यादी करून द्या.

दरम्यान मी स्वतःच्या पायावर प्रयोग केला. शंकासूरने तार घातली. सेकंदाला आठ ठेवायचे होते. माझी पेशी आधी बारा करते, मग तीन करते, मग रुसून बसते. पाऊण तासात नाकी नऊ आले. शंकासूरने दुसरीकडे तोंड फिरवलं तेव्हा तिचे खांदे हलत होते. नवा प्रयोग नीट करायचा तर तुझाच पाय हवा. प्रवासाची सगळी व्यवस्था मी करतो. दोन रविवार दे फक्त.

आता तुझी शेवटची ओळ. "आणि आईच्या चाचणीचं काय?"

काय म्हणजे काय? आईचा यात संबंध काय? तिची गोष्ट वेगळी होती. तुम्हा सगळ्यांत खड्डा दिसत होता, तिच्यात दिसत नव्हता. म्हणजे तिच्या मणक्यातला ब्रेक गेलेला होता. असा पाय उभं राहिल्यावर कधी दगा देईल याचा नेम नसतो. नसांच्या डॉक्टरांनी माझा अहवाल वाचून त्यावर सही केली आहे. तू तिला रोज जिन्याच्या दोन पायऱ्या चढायला लावत होतीस, ती घसरली, मनगट दुखावलं, हे मी नाही केलं. मी तिला खुर्ची आणून दिली. व्यायामवाल्या बाईंना नको म्हणून सांगितलं ते तिच्या जिवासाठी. त्यानंतर आजपर्यंत ती एकदाही पडलेली नाही!

तेव्हा तुला मी जे बोललो ते बोललो. "तू शिवणकाम बघ, नसांचं मी बघतो." रागाच्या भरात माणूस बोलतो. त्यावरून कोणी गाव सोडून जात नाही. मी सगळ्यांना सांगतो की ताईने दुकानासाठी शहर बदललं.

आईच्या चाचणीत चूक नाही. येणार की नाही ते कळव.

भाऊ


६ एप्रिल

ताई,

तुझं कार्ड परवा आलं. दोन दिवस ते कोटाच्या खिशात घेऊन हिंडलो.

"मी येणार नाही. आईच्या चाचणीच्या वेळी मी तिचा हात धरून बसले होते. पहिल्या टोल्याला ती कळवळली आणि तू बटण मागे फिरवलंस. मला तेव्हा बरं वाटलं होतं, म्हटलं याला आईची कीव येते. माझ्या वेळी कधी फिरवलं नव्हतंस. याने काही फरक पडतो का, ते तू सांग."

पडतो.

काल कपाटातून आईची वही काढली. माझ्याच अक्षरात, समासात, पेन्सिलने लिहिलंय: "आईला दुखतं. जोर निम्मा." खाली पुढचे सगळे टोले. चारशे. सगळे निम्म्या जोराचे.

समजलं ना तुला? टोला हलका, म्हणून ढकलणं हलकं. म्हणून सुळका नाही, नुसतं टेंगूळ. सुळकाच नाही तर त्याच्यामागे खड्डा कुठून पडणार? त्यात तिची टकटक वयामुळे मुळातच वेडीवाकडी, मोकळी जागा थोडीफार असती तरी पुसून गेली असती. तुमच्यात खड्डा होता तो ब्रेक नव्हता, आणि तिच्यात खड्डा नव्हता म्हणून ब्रेक गेला असंही नव्हतं. त्या चाचणीतून आईच्या पायाबद्दल काहीही कळत नव्हतं. काही म्हणजे काहीच नाही. एवढंच कळत होतं की तिला दुखलं आणि मला बघवलं नाही.

शंकासूरला वही दाखवली. कोणाची आहे ते सांगितलं नाही. तिने पाहिलं आणि म्हणाली, "हे रेकॉर्डिंग बाद आहे सर, जोर बदललाय. हे कोणी वापरलं नाही ना?"

मी म्हटलं, "वापरलं."

"कशासाठी?"

मी हात धुवायला निघून गेलो. नळ सोडून किती वेळ उभा होतो कोण जाणे.

मला कोणावर तरी ओरडायचं आहे आणि समोर कोणी नाही. नसांच्या डॉक्टरांवर ओरडावं, तर त्यांनी सही केली ती मी या विषयातला शहाणा म्हणून. तुझ्यावर ओरडावं, तर तुला तेव्हा काय माहीत असणार. आईवर ओरडावं, की तू कळवळलीसच का. हा विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला, ताई, खोटं कशाला बोलू.

दोन वर्षं बसवून ठेवलं मी तिला.

आईला सांगायचं आहे. कसं ते कळत नाही.


११ एप्रिल

ताई,

सांगितलं.

सात तारखेला सकाळी ती खिडकीशी खुर्चीत बसून वाळलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होती. मी समोर स्टूल घेऊन बसलो. ती म्हणाली, "आज सुट्टी आहे का?"

"नाही. आई, तुझ्या पायाची ती चाचणी चुकली होती."

"कोणाची चुकली?"

"माझी."

तिने हातातली घडी पूर्ण केली. दुसरा टॉवेल घेतला, तोही घातला.

"म्हणजे मी चालू शकत होते?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे हो."

"मला वाटायचं, पायात जोर आहे म्हणून," ती म्हणाली. "पण तू म्हणालास, नाही. म्हटलं, नसेल. याने एवढी पुस्तकं वाचलीत, उगाच कशाला म्हणेल."

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

इथे ती चिडली. ती चिडली की आवाज चढवत नाही, उलट खाली आणते, तुला माहीत आहे. "तू विचारलंस कुठे? सुई घातलीस, तार लावलीस, बटणं फिरवलीस. ती माझ्या पायातली पेशी काय म्हणते ते तास-तास ऐकत बसलास. आई, पायात जोर वाटतो का तुला, एवढं मला विचारायला काय झालं होतं?"

मी माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "हे टॉवेल कपाटात ठेव." त्यानंतर तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. आईजवळ असणाऱ्या बाईंमार्फत निरोप यायचे, मी त्याच खोलीत असताना. "त्याला सांगा, चहा निवला."

तुला ती फोनवर काही बोलली नाही, असं बाई म्हणाल्या. मी विचारलं का म्हणून, तर आईने निरोप दिला, "त्याला सांगा, मी बघते कसं सांगायचं ते."

काल तिला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. माझ्या ओळखीच्या नाहीत, मुद्दामच. त्यांनी तार नाही, टोला नाही, नुसतं तिला टेबलावर बसवून "माझा हात ढकला" म्हणून सांगितलं. आईने ढकलला. गुडघे झिजलेत, कमरेत एक नस दबली आहे, वयाच्या मानाने यात विशेष काही नाही, असं त्या म्हणाल्या. मग पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि विचारलं, "यांना इतकी वर्षं बसवून कोणी ठेवलं?"

"मी," मी म्हटलं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "दोन वर्षांपूर्वी आल्या असत्या तर जिना चढून आल्या असत्या. आता स्नायू उरलेच नाहीत फारसे. घरातल्या घरात चालू लागल्या तरी मी समाधान मानेन."

तुला हे कळवायला मला सगळ्यात जड गेलं. म्हणून शेवटी लिहिलं.

दीडशहाणा


२ मे

ताई,

आधी माझं लिहून टाकतो, कारण खालची जागा आईने राखून ठेवली आहे.

निबंध मागे घेतला. विभागप्रमुख म्हणाले, "एवढी घाई काय होती, एखादं दुरुस्तीचं पत्र पाठवून भागलं असतं." भागलं नसतं. ही चाचणी आमच्याकडे आईखेरीज आणखी एकोणीस जणांची झाली होती. रोज जेवणाच्या सुट्टीत एकेकाला फोन करतो आणि पुन्हा तपासून घ्या म्हणून सांगतो. सतरा झाले. एका निवृत्त ड्रायव्हरने मला अशा शिव्या घातल्या की शंकासूर शेजारच्या टेबलावरून उठून गेली. मी पूर्ण ऐकून घेतल्या. दोघांचे नंबर बंद आहेत, त्यांच्या घरी जाणार आहे.

शंकासूरला तू व्यक्ती क्रमांक तीन आहेस हे सांगितलं. वही कोणाची तेही. तिने तार, पट्ट्या, सगळं नीट आवरून ठेवलं. तुझा पाय मी पुन्हा मागणार नाही.

व्यायामवाल्या बाईंची मी माफी मागितली, त्या येऊ लागल्या आहेत. त्या आल्या की मला खोलीबाहेर काढतात. दारामागून आईचं "आणखी एकदा" ऐकू येतं. कधी कण्हणंही ऐकू येतं, आणि आत जाऊन थांबवू नये म्हणून मी जिन्यात जाऊन उभा राहतो.

आता आई सांगते ते. ती म्हणाली, एक शब्द बदललास तर बघ.

"बाळ, हे मी सांगते आहे आणि तो लिहितो आहे. फोनवर मी तुला कधीच सांगितलं असतं, पण मला हे त्याच्या हातून लिहून घ्यायचं होतं. तो आत्ता म्हणतोय की हे लिहायची गरज नाही. मी म्हटलं, लिही.

मी त्याच्यावर रागावले आहे. पुष्कळ रागावले आहे. दोन वर्षं काही थोडी नसतात माझ्या वयाला. तो सकाळी माझ्या पायाला तेल लावतो तेव्हा मला बरंही वाटतं आणि लाथ मारावीशीही वाटते. व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, लाथ मारा, व्यायामच होईल.

तुझ्यावरही रागावले आहे. तो बोलला, तू गेलीस. दोघांनी आपापला राग सांभाळला आणि मी मध्ये खुर्चीत. तू भांडायला थांबायला हवं होतंस. मला एकटीला त्याच्याशी भांडता आलं नाही, मला वाटलं तोच बरोबर असेल.

परवा उभी राहिले. गुडघे लटलटले, घाम फुटला, पण उभी राहिले. काल व्यायामवाल्या बाईंचा हात धरून पाच पावलं टाकली आणि मग रडले. दुखलं म्हणून नाही. तो बाहेर होता, त्याला माहीत नाही. आता लिहिताना कळलं त्याला. थांबलाय लिहायचा. लिही रे.

तुला आता यावंसं वाटेल. लगेच निघू नकोस. माझ्या खुर्चीपासून बाहेरच्या दारापर्यंत एकवीस पावलं आहेत, बाईंनी मोजून दिली. तू बेल वाजवलीस की दार मी उघडणार आहे. मी येईपर्यंत बाहेर थांबावं लागेल, परत बेल वाजवायची नाही, आणि याने मध्ये यायचं नाही.

तारीख कळव. जरा लांबची कळव.

आई"